शाळा बेटावर आली. पोरे राहिली का?



वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गोळा करून 'समूह शाळा' करण्याची टूम आपल्या शिक्षण खात्याने 2023 साली काढली. त्याआधी 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करण्याचे ठरले होते. दोन्ही वेळेला कारण सांगितले गेले ते मुलांच्या भल्याचे. एवढ्याशा पटात मुलाला सवंगडी मिळत नाहीत, चुरस राहत नाही, वरच्या वर्गांना विषयाचे मास्तर देता येत नाहीत आणि खर्च परवडत नाही. यातले शेवटचे कारण तेवढे खरे. बाकीची त्याला नेसवलेली लुगडी आहेत.

लहान वस्ती, लांबचा रस्ता, गरीब मुलूख, म्हणून मोठी शाळा परवडत नाही, हे ज्यांना मनापासून पटलेले आहे त्यांच्यासाठी आज एका शाळेची हकिगत सांगायची आहे. शाळा आपल्या मुलखातली नाही. विलायतेतली आहे, पण लंडनची नव्हे. विलायतेचा जो 'भारत' आहे, तिथली आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात बेटांची एक लांबोडकी माळ आहे. तिच्या मधोमध बेनबेक्युला नावाचे सपाट बेट. झाड औषधालाही नाही. वारा उभे राहू देत नाही. उत्तरेला नॉर्थ यूइस्ट, दक्षिणेला साउथ यूइस्ट, दोन टोकांना बर्नरे आणि एरिस्के ही आणखी लहान बेटे. पाचही बेटांची माणसे मोजली तर पाच हजार भरत नाहीत. आपल्याकडचे बाजाराचे एखादे गाव तेवढे असते. एवढ्या वस्तीसाठी बेनबेक्युलाच्या किनाऱ्याला लिनिक्लेट येथे 1988 साली पूर्ण सहा वर्षांची माध्यमिक शाळा उघडली. 'स्गॉइल लिनिक्लेट' तिचे नाव. स्गॉइल म्हणजे तिथल्या गेलिक भाषेत शाळा. वयाच्या बाराव्या वर्षी मूल आत जाते आणि अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या दाराशी जाऊन उभे राहते. पट अडीचशे-तीनशेच्या घरातला. त्याच इमारतीत पोहण्याचा तलाव, खेळाचे सभागृह, वाचनालय, छोटे वस्तुसंग्रहालय आणि उपाहारगृह आहे, आणि हे सारे केवळ मुलांसाठी नाही, गावकऱ्यांसाठीही आहे. म्हातारी माणसे पुस्तक बदलायला शाळेत येतात.

हे सरकारच्या दयेने झाले असे कोणी समजू नये. त्यामागे दोनशे वर्षांचा हिशेब आहे, आणि तो कापूसवाल्याला कोणी समजावून सांगायला नको.

या बेटांवरचा शेतकरी म्हणजे 'क्रॉफ्टर'. जमिनीचा लहान तुकडा कुळाने कसायचा, चार गुरे, थोडी मेंढरे, ओट, जव, राय आणि बटाटे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदारांना नवे पीक सापडले. ते समुद्रात उगवत होते. समुद्रशेवाळ कापायचे, वाळवायचे, जाळायचे आणि त्याची राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकायची. या राखेला 'केल्प' म्हणत. एक टन राख करायला सुमारे वीस टन ओले शेवाळ लागे. कमरेइतक्या थंड पाण्यात उभे राहून बायाबापड्यांनी ते कापायचे. नेपोलियनच्या लढायांमुळे स्पेनचा माल बंद झाला, तेव्हा या राखेचा भाव टनाला 20 पौंडांपर्यंत गेला. शेवाळ कापणाऱ्याच्या हातात पडत ते टनामागे दोन-तीन पौंड. विकत घेणारा एकच, जमीनदार. दुसऱ्याला विकायची सोय नाही. एकाधिकार खरेदी ही काही 1972 सालची कल्पना नव्हे.

मजूर परवडेना म्हणून माणसे बोटीत बसून अमेरिकेला निघाली. तेव्हा जमीनदारांच्या मंडळींनी सरकारकडे धाव घेतली आणि 1803 साली प्रवासी जहाजांचा कायदा झाला. वरकरणी तो प्रवाशांच्या सोयीचा होता. जहाजात जागा किती, अन्न किती, हे त्यात ठरवून दिले होते. परिणाम असा की तिकीट गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले आणि स्वस्त मजूर बेटावरच अडकला. पुढे 1815 साली लढाई संपली, परदेशी माल आला, त्यावरची जकात उतरली, राखेचा भाव कोसळला. मग तोच मजूर जमीनदाराला जड झाला. 1851 साली साउथ यूइस्ट आणि बारा या बेटांवरून कर्नल गॉर्डन या मालकाने दीड हजारांहून अधिक माणसे जहाजांत कोंबून कॅनडाला पाठवली. पळणाऱ्यांना पकडून, हात बांधून जहाजावर चढवल्याच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. गरज होती तेव्हा जाऊ दिले नाही, गरज सरली तेव्हा राहू दिले नाही. दोन्ही वेळेला कायदा मालकाच्या बाजूने.

कुळांनी खंड देणे थांबवले, गुरे मालकाच्या कुरणात घातली, पोलिसांशी झोंबाझोंबी केली, तेव्हा कुठे 1883 साली नेपियर आयोग बेटोबेटी फिरला आणि 1886 साली कुळांना जमिनीवरून हुसकावता येणार नाही असा कायदा झाला. तो कायदा अजून आहे आणि त्यावर इतक्या दुरुस्त्या चढल्या आहेत की क्रॉफ्ट म्हणजे चहूबाजूंनी कायद्यांनी वेढलेला जमिनीचा तुकडा, असे तिथले लोकच थट्टेने म्हणतात. आपल्या सीलिंगवाल्यांना ऐकवण्यासारखी थट्टा आहे.

आता शाळेकडे येतो.

स्कॉटलंडमध्ये 1872 साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्यात गेलिक भाषेचे नावसुद्धा नव्हते. घरी, शेतात, प्रार्थनेत गेलिक, शाळेत इंग्रजी. पोर गेलिक बोलले की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवण्याची शिक्षा काही शाळांतून होती. तरी आईबापांनी पोरे शाळेत घातली, कारण जमीन पुरत नव्हती आणि पोराने शहाणे व्हायचे ते बेटाबाहेर जाण्यासाठीच, हे सगळ्यांनी मनोमन मान्य केले होते.

खालच्या वर्गांपुरत्या शाळा बेटांवर होत्या. वरच्या वर्गांना मात्र मुख्य भूमीवर जावे लागे. बारा-तेरा वर्षांचे पोर परीक्षेत वर आले की त्याची पेटी बांधायची, बोटीत बसवायचे आणि इनव्हर्नेस नाहीतर फोर्ट विल्यमच्या वसतिगृहात पोचवायचे. घरी येणे नाताळला, ईस्टरला आणि उन्हाळ्यात. तेही समुद्र शांत असेल तर. हुशार निघाल्याची ही शिक्षा होती. जे नापास झाले ते आईजवळ राहिले. म्हणजे शाळेची चाळणी अशी की त्यातून दाणा निवडून बाहेर पाठवायचा आणि कोंडा गावाला ठेवायचा. कोंडा हा शब्द माझा नव्हे, त्या व्यवस्थेचा. बेटावर राहिलेल्या माणसाच्या मनात आपण उरलेले आहोत हे कायमचे बसले. जमिनीचे नुकसान भरून निघते; हे निघत नाही.

आणि हा निर्णय घेणारे कोण? बेनबेक्युला, यूइस्ट, बारा आणि हॅरिस ही बेटे इनव्हर्नेस जिल्ह्यात होती. उत्तरेचे लुईस बेट दुसऱ्याच जिल्ह्यात. दोन्हींची कचेरी समुद्रापलीकडे. कचेरीत बसलेल्या माणसाला हिशेब सोपा होता. वसतिगृहाची खाट स्वस्त पडते, बेटावर शाळा बांधणे महाग पडते. आईच्या घरातली रिकामी खाट त्या हिशेबात कुठे मांडायची हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

1975 साली हे बदलले. स्थानिक कारभाराची फेरमांडणी झाली आणि साऱ्या पश्चिम बेटांची मिळून एकच परिषद झाली, कचेरी लुईस बेटावर स्टॉर्नोवे येथे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, शिक्षण खाते, रस्ते, सगळे त्या एका परिषदेच्या हाती. कारभार हाती आल्यावर तेरा वर्षांत बेनबेक्युलाला पूर्ण माध्यमिक शाळा उभी राहिली. तेरा वर्षे काही थोडी नव्हेत आणि नवी कचेरीसुद्धा दक्षिणेच्या बेटांना दूरच होती. पण जी गोष्ट समुद्रापलीकडच्या कचेरीतून शंभर वर्षे झाली नाही, ती तेरा वर्षांत झाली.

त्याआधी रस्ता झाला होता, हे विसरता कामा नये. या बेटांच्या मधली खाडी पूर्वी ओहोटीच्या वेळी पायी नाहीतर घोडागाडीतून ओलांडत. भरतीने गाठले तर माणूस गेला. दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी 1942 च्या सुमारास दक्षिणेकडचा पूल झाला, 1960 साली उत्तरेकडचा बांध, आणि अलीकडे 1998-99 ला बर्नरे व 2001 साली एरिस्के ही बेटे बांधाने जोडली गेली. आज एरिस्केचे पोर सकाळी बसमध्ये बसते, साउथ यूइस्ट ओलांडून शाळेत येते आणि संध्याकाळी आईच्या हातचे जेवते. आठ वर्षांवरच्या मुलाचे घर शाळेपासून तीन मैलांहून लांब असेल तर बसची व्यवस्था फुकट करणे हे परिषदेवर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडेही मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. पास आहे हो, बस कुठे आहे?

कोणी म्हणेल, लिनिक्लेटची शाळा हीसुद्धा समूह शाळाच की! पाच बेटांची पोरे एका ठिकाणी आणली. खरे आहे, आणि हे लपवून मला माझा मुद्दा मांडायचा नाही. पश्चिम बेटांवर ठिकठिकाणच्या लहान शाळांत माध्यमिकचे पहिले दोन वर्ग भरत असत. ते पुढे परिषदेनेच बंद केले आणि पोरे मोठ्या शाळांत आणली. त्या गावांनी विरोध केला, सभा घेतल्या, काही ठिकाणी प्रकरण मंत्र्यांपर्यंत आणि कोर्टापर्यंत गेले. आपली परिषद झाली म्हणून ती आपल्याला लुबाडणार नाही असे नसते. मात्र फरक दोन आहेत. पहिला, यूइस्टमध्ये बांध आणि बस आधी आले, शाळा मागून आली. आपल्याकडे शाळा आधी जाते आणि बस यायची असते. दुसरा फरक, तिथे पंधरा वर्षांच्या पोराचे शाळेपासूनचे अंतर एक समुद्र होते, ते वीस-पंचवीस मैलांवर आले. आपल्याकडे सहा वर्षांच्या पोराचे अंतर पावलांचे आहे, ते मैलांचे करायचे चालले आहे.

स्कॉटलंडच्या विधिमंडळाने 2010 साली शाळा बंद करण्याविषयी एक कायदा केला. त्याची माहिती आपल्या वकील मित्रांनी जरूर मिळवावी. शाळा बंद करायची असेल तर त्यात मुलांचा शैक्षणिक फायदा काय, हे परिषदेने लेखी मांडायचे. सहा आठवडे सल्लामसलत, त्यातले निदान 30 दिवस शाळा भरलेली असली पाहिजे. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत गुपचूप आटोपून घेता येत नाही. जाहीर सभा घ्यायची. शिक्षण निरीक्षकांनी स्वतंत्र अहवाल द्यायचा. आणि शाळा ग्रामीण असेल तर आणखी तीन गोष्टींचा विचार झाल्याचे दाखवायचे. बंद करण्यावाचून दुसरा काही मार्ग होता का, गावावर काय परिणाम होईल, आणि मुलांच्या येण्याजाण्याचे काय होईल. शाळा वाचली तर पुढची पाच वर्षे तोच प्रस्ताव पुन्हा आणता येत नाही, अशी भर 2014 साली घातली गेली. या कायद्याने सगळ्या शाळा वाचल्या नाहीत. पण शाळा बंद करणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आमच्याकडे मुख्याध्यापकाला व्हॉट्सअॅपवर फर्मान येते आणि गावाला ते कुलूप पाहून कळते.

'विषयाचे मास्तर मिळत नाहीत' हे रडगाणे तिथेही आहेच. बेटावर येऊन राहायला भौतिकशास्त्राचा शिक्षक सहजी तयार होत नाही. आला तरी त्याला घर मिळत नाही. त्यावर पश्चिम बेटांच्या परिषदेने 2016 साली 'ई-स्गॉइल' काढली. एका बेटावरचा शिक्षक पडद्यावरून दुसऱ्या बेटावरच्या वर्गाला शिकवतो, पोरे उलट प्रश्न विचारतात, वही तपासली जाते. चार पोरांनी एखादा विषय मागितला तरी त्यांना तो मिळू शकतो. 2020 साली करोनाने शाळा बंद पडल्या तेव्हा साऱ्या स्कॉटलंडला या बेटांच्या शाळेची मदत घ्यावी लागली. मागासलेल्या मुलखाने पुढारलेल्यांना शिकवले. मास्तरऐवजी मोबाईल, असा याचा अर्थ कोणी लावू नये. त्या वर्गातसुद्धा लक्ष ठेवायला माणूस असतो आणि पडद्यापलीकडचा शिक्षक पगारी असतो.

भाषेचे दुखणे मात्र उशिरा हाताळले. ज्या गेलिकसाठी आजोबांना शिक्षा झाली ती आता शाळेत मानाने शिकवली जाते. 2020 साली परिषदेने ठरवले की पहिलीत येणारे मूल, आईबापांनी वेगळे सांगितले नाही तर, गेलिक माध्यमात घातले जाईल. पण 2022 च्या जनगणनेत या बेटांवर गेलिक बोलणारे निम्म्याहून कमी निघाले. शाळेने एका शतकात जे मोडले, ते शाळेकडूनच पुन्हा बांधून घ्यायचे आहे. आपल्या तालुक्यांत इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या वस्तीवस्तीवर फिरू लागल्या आहेत. त्यात बसणाऱ्या पोरांच्या आईबापांना मी दोष देत नाही. 1872 साली यूइस्टच्या आईबापांनीही हेच केले होते आणि त्यांची कारणे खरी होती.

आता मूळ प्रश्न. शाळा आली, पोरे राहिली का?

पश्चिम बेटांची लोकसंख्या 1911 साली 46 हजारांवर होती. 2022 साली ती 26 हजारांच्या आसपास आहे. म्हणजे पोरे राहिली नाहीत. पूर्वी बाराव्या-पंधराव्या वर्षी जात, आता अठराव्या वर्षी जातात. शाळेने त्यांना आईबापांजवळची तीन-चार ते सहा वर्षे परत दिली. ही लहान गोष्ट नाही. माझ्या लेखी तेवढ्यासाठीच ती शाळा बांधणे योग्य होते. पण शाळा काढली की गाव टिकते, असे जे काही शहाणे लोक आपल्याला सांगत असतात, त्यांनी यूइस्टकडे पाहावे.

क्रॉफ्टर वासरे वाढवतो. ती लिलावात विकतो आणि घेणारा व्यापारी मुख्य भूमीवरचा. बोटीचे भाडे वजा करूनच तो बोली लावतो. खत येताना भाडे शेतकऱ्याच्या डोक्यावर, वासरू जाताना भाडे शेतकऱ्याच्याच डोक्यावर. म्हणून क्रॉफ्टवर एकट्या क्रॉफ्टचे पोट भरत नाही. कोणी बस चालवतो, कोणी लष्कराच्या क्षेपणास्त्र तळावर कामाला, कोणी मासेमारीत, आणि वर सरकारी अनुदान. अनुदानावर तगलेला शेतकरी हा काही आपला आदर्श नाही; ज्याचा भाव मारला त्याला भीक घालायची हा उद्योग आपण पुरता ओळखतो. 2009 पासून तिकडच्या अनेक शाळांमधून क्रॉफ्टिंग शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. पोरे बियाणे पेरतात, मेंढरे हाताळतात. चांगले आहे. पण शेती शाळेत शिकवली म्हणून शेतीत कोणी राहत नाही. शेतीत काय मिळते हे पोर घरच्या जेवणाच्या ताटावर रोज शिकत असते.

बेटकऱ्यांनी हे ओळखलेले दिसते. 2006 साली साउथ यूइस्ट, एरिस्के आणि बेनबेक्युलाचा काही भाग, मिळून 93 हजार एकर जमीन तिथल्या रहिवाशांच्या कंपनीने 45 लाख पौंडांना विकत घेतली. ज्या जमिनीवरून गॉर्डनने माणसे हाकलली ती ही जमीन. सामुदायिक मालकी म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याकडे समुदायाच्या नावाने शेवटी पुढारीच मालक होतो. पण निदान शिकाऱ्यांच्या हातून ती सुटली. 2023 च्या जूनमध्ये साउथ यूइस्टची बोट महिनाभर रद्द केली गेली तेव्हा लॉखबॉइझडेलच्या धक्क्यावर शेकडो माणसे आपापल्या गाड्या घेऊन जमली. त्यात धंदेवाले होते, क्रॉफ्टर होते, लेकुरवाळ्या होत्या. ती बातमी वाचताना मला आपले रस्ता रोको आठवले.

आपल्या शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असा महाराष्ट्रात नियम आहे. आठवीनंतर कायदा गप्प आहे. आणि नेमकी तिथेच कोरडवाहू मुलखातली मुलगी शाळा सोडते. कापूस वेचायला हात हवे असतात, धाकटे भावंड सांभाळायला कोणी हवे असते, एसटीची वेळ चुकते, आणि वसतिगृहाला पैसे नसतात. त्या वर्षी भाव बरा मिळाला तर ती आणखी एक वर्ष जाते. ज्वारी-कापसाच्या पट्टीवर मुलीची नववी-दहावी ठरते, ही गोष्ट शिक्षण खात्याच्या एकाही तक्त्यात नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाच्या कार्यकर्त्याने, आणि विशेषतः महिला आघाडीच्या बहिणींनी, एक कागद लिहून आणावा. गावात आठवी पास झालेल्या मुली किती, त्यातल्या यंदा नववीत किती बसल्या, नववीची शाळा किती मैलांवर, सकाळची एसटी किती वाजता आणि आठवड्यातून किती दिवस खरोखर येते. शाळा समूहात घालण्याची तोंडी सूचना कोणाला आली असेल तर कोणी दिली आणि कधी, तेही लिहावे. नावे नकोत, आकडे हवेत. कागद अध्यक्षांकडे सभा सुरू होण्याआधी द्यावा, म्हणजे दुपारच्या सत्रात तो वाचता येईल.